पंचवीस म्हणजे काय?

रेषीय मॉडेल शिकवायला घेतलं की मी आधी चार ओळींचा तक्ता देते. प्रत्येक ओळीपुढे वजन २५. 'आर' या संख्याशास्त्राच्या प्रणालीतल्या 'एलएम' या आज्ञेला तो वजनांसकट द्यायचा. मग प्रत्येक ओळ पंचवीसदा उतरवून शंभर ओळींवर तेच मॉडेल चालवायचं. रेषा तीच येते, चढही तोच. स्टँडर्ड एरर मात्र पहिल्या वेळी बरोबर सातपट! वजनी चुकांच्या वर्गांची बेरीज दोन्हीकडे सारखीच असते, पण एकीकडे तिला चार वजा दोन, म्हणजे २ नं भागलं जातं आणि दुसरीकडे ९८ नं. एकोणपन्नासाचं वर्गमूळ सात.

यातलं खरं कुठलं, हे पंचवीस कशाचे यावर ठरतं. हुबेहूब सारख्या पंचवीस नोंदी एका ओळीत गुंडाळल्या असतील, तर ९८. पंचवीस मोजमापांची ती सरासरी असेल, तर २. 'एलएम' न विचारता हा दुसरा अर्थ धरतं.

तिसरा अर्थ मला राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानं शिकवला. तिथला 'व्ही ००५' हा वजनाचा रकाना दहा लाखांनी भागायचा असतो. एकदा मी भागायला विसरले आणि 'एलएम'च्या चढात, स्टँडर्ड एररमध्ये काडीचाही फरक पडला नाही. 'एसपीएसएस' या प्रणालीनं तीच वजनं माणसांची संख्या समजून मोजली असती. त्या दिवशी मला धास्ती वाटली. या वजनाचा अर्थ एवढाच, की मुलाखत दिलेली बाई लोकसंख्येतल्या किती जणींच्या वतीनं बोलते. जास्त वजनाच्या बाईचं हिमोग्लोबिन काही अधिक काटेकोर मोजलेलं नसतं. शिवाय एकेका गावातून साधारण २२ घरं निवडलेली. पाणी एक, आरोग्य केंद्र एक, म्हणून उत्तरंही एकमेकांसारखी. हे 'एलएम'ला कळण्याचा मार्गच नाही. त्यासाठी थॉमस लम्ली यांचं 'सर्व्हे' पॅकेज घ्यावं आणि त्याला गाव, स्तर, वजन तिन्ही सांगावं. 'स्टेटा' या प्रणालीत वजनाचा प्रकार लिहायला वेगवेगळे शब्द आहेत; ती शिस्त मला फार मोलाची वाटते.

मागे एक शेतीची विद्यार्थिनी फाइल घेऊन आली. रकान्याचं नाव नुसतं 'वजन'. कुणी भरलं, कशावरून, तिला ठाऊक नव्हतं. तिला शेतावरची जुनी वही आणायला पाठवलं. दोन दिवसांनी ती वही घेऊनच आली: प्रत्येक उत्पन्न म्हणजे काही वाफ्यांची सरासरी, आणि रकान्यात होती त्या वाफ्यांची संख्या. मग आम्ही साधं 'एलएम'च चालवलं.