नियमगिरीचा कौल

रायगड्याहून मुनिगुड्याकडे निघाले की डाव्या हाताला नियमगिरीची हिरवीगार रांग दिसू लागते. ओडिशाच्या रायगडा आणि कालाहांडी जिल्ह्यांत पसरलेले हे डोंगर म्हणजे डोंगरिया कोंध आदिवासींचे घर. उतारांवर हळद, अननस, फणस पिकतात. खाली झरे वाहतात. इथला देवही डोंगरातच राहतो, त्याचे नाव नियमराजा.

पण माथ्यावर सुमारे ७ कोटी टन बॉक्साइट आहे. तिथे खाण काढायचे ठरले आणि वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. १८ एप्रिल २०१३ रोजी न्यायालयाने सांगितले, आधी ग्रामसभांना विचारा.

भर पावसाळ्यात १२ गावांत, न्यायाधीशांच्या उपस्थितीत सभा भरल्या. पहिली सेरकापाडीत १८ जुलैला, शेवटची जारपात १९ ऑगस्टला. बायामाणसे उठून बोलली. बाराही गावांचा कौल एकच होता: खाण नको. जानेवारी २०१४ मध्ये केंद्र सरकारने मंजुरी नाकारली.

एरवी प्रकल्पांच्या जनसुनावणीत लोकांचे म्हणणे टिपून घेतले जाते. ते मानलेच पाहिजे, असे बंधन नसते. नियमगिरीत लोकांच्या दारी जाऊन विचारले गेले आणि उत्तर मानलेही गेले. म्हणूनच तो माथा आजही शाबूत आहे.