थोर विज्ञानपट कोणते? भाच्यास पत्र

जालना,
भाद्रपद शुद्ध नवमी

चिरंजीव भाच्यास,

तुझे पत्र पावले. महाविद्यालयाच्या चित्रपट मंडळात दाखवण्यासाठी थोर विज्ञानपट कळवा, असा तुझा हुकूम. आणि सोबत जी लांबलचक याद तू धाडली आहेस तिच्यात, राग मानू नकोस, आवडते आणि थोर यांची सरमिसळ झाली आहे.

माझ्या स्वतःच्या आवडीपासूनच आरंभ करतो. ज्या शहरात बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली महिको या बियाणे कंपनीची स्थापना केली आणि ज्याच्या आसपासच्या शिवारात संकरित बियाण्याच्या प्लॉटवर कित्येक घरांचा चरितार्थ चालतो, त्या शहरात हयात घालवलेल्या माणसाला १९९३ चा ‘ज्युरासिक पार्क’ आवडावा यात नवल नाही. कपाशीच्या प्लॉटवर मजूर बाया दुपार कलल्यावर, दुसऱ्या दिवशी उमलणारी कळी मादी ओळीत नेमकी हेरतात, अंगठ्याच्या नखाने तिच्या पाकळ्या व पुंकेसर सोलून काढतात, खूण करून ठेवतात आणि सकाळी नर ओळीतले फूल आणून त्याचे पराग तिला लावतात. नजरेतून सुटलेली कळी मात्र स्वतःच्याच परागाने फळते आणि बियाण्याची शुद्धता बिघडवते. त्या चित्रपटातील शास्त्रज्ञ सर्व प्राणी माद्याच जन्मास घालून वंशवृद्धीचा पक्का बंदोबस्त केल्याची ग्वाही देतात, आणि पुढे रानात उबलेल्या अंड्यांची टरफले सापडतात. कारण डायनासोरच्या जनुकांतील खिंडारे बेडकाच्या जनुकांनी बुजवलेली असतात आणि काही बेडूक लिंग बदलू शकतात. सुटलेल्या कळीचे परिणाम ज्याने पाहिले आहेत त्याला, अजस्र जबड्यांपेक्षा, ती टरफलेच अधिक हादरवतात. परंतु त्या टरफलांपाशी जो प्रश्न उभा राहतो त्याच्यासमोर चित्रपट क्षणभरच थबकतो आणि पुन्हा धावाधाव सुरू करतो. म्हणून तो उत्तम खरा, अतिशय रंजक खरा, पण थोर नव्हे.

थोर मी त्यालाच म्हणतो, ज्यात शास्त्राने उभा केलेला प्रश्न कथानक संपले तरी निकाली निघत नाही. स्टॅन्ले क्युब्रिक यांचा ‘२००१: अ स्पेस ओडिसी’ एप्रिल १९६८ मध्ये, म्हणजे मनुष्याने चंद्रावर पाऊल ठेवण्याच्या सव्वा वर्ष आधी आला, आणि त्यातील यानांची नवलाई आज ओसरली असली तरी हॅल नामक यंत्रमेंदू जुना झालेला नाही. आर्थर क्लार्क यांच्या कादंबरीत त्याच्या बिघाडाचे कारण दिले आहे: एकीकडे अचूक व सत्य माहिती देण्याचे कर्तव्य आणि दुसरीकडे मोहिमेचा खरा हेतू यानातील माणसांपासून दडवण्याची आज्ञा. परस्परविरुद्ध दोन हुकूम हाती पडलेल्या इमानी कारकुनासारखा तो गोंधळतो, आणि दप्तर राखण्यासाठी माणसे मारतो. यानातील अंतराळवीर बोमन त्याच्या स्मृतीचे एकेक खण उपसू लागतो तेव्हा आपल्याला भय वाटते, असे तो सांगतो. ज्या चित्रपटात माणसे जवळजवळ निर्विकारपणे बोलतात त्यात भयाची कबुली यंत्राने द्यावी, ही योजना असामान्य प्रतिभेची आहे.

त्याहूनही मी आंद्रेई तारकोव्हस्की यांच्या १९७२ च्या ‘सोलारिस’ला वरचे स्थान देतो. (मूळ कादंबरीकार स्तानिस्लाव लेम यांना तो पसंत नव्हता, लेखकांच्या अशा तक्रारी सर्वच मनावर घ्यायच्या नसतात.) एका ग्रहावरील समुद्र तेथील शास्त्रज्ञांच्या स्मृतीतून माणसे घडवून त्यांच्यापुढे उभी करतो, आणि त्यांच्यापैकी केल्विन याला त्याची मृत पत्नी हारी परत मिळते. आपण मूळ नव्हे, नक्कल आहोत, हे उमगल्यावर ती द्रवरूप प्राणवायू पिऊन जीव देते आणि तडफडत पुन्हा जिवंत होते. तिला माणूस मानायचे की नाही, याचा फैसला समुद्रही देत नाही आणि दिग्दर्शकही देत नाही.

‘स्टार वॉर्स’ हे सुरस आख्यान आहे. विज्ञान त्यात अलंकारापुरते. त्याच वर्षीचा, १९७७ चा, स्पीलबर्ग यांचा ‘क्लोज एन्काउंटर्स’ मात्र खालापूरजवळच्या हाळ गावी चित्रित झालेल्या एका प्रसंगासाठी अवश्य पाहा: पाच सुरांची धून गाणाऱ्या जमावाला, हा आवाज आला कोठून, असे विचारताच शेकडो तर्जन्या एकदम आभाळाकडे वळतात.

आपल्याकडचे काय, असेही तू पुसतोस. सत्यजित राय यांनी १९६७ मध्ये ‘द एलियन’ची पटकथा लिहिली, त्यात यान बंगालमधील खेड्याच्या तळ्यात उतरते, तो चित्रपट झालाच नाही, आणि न झालेल्या कृतीला थोर कसे म्हणावे? मराठीत ‘यक्षांची देणगी’ हा विज्ञानकथासंग्रह लिहिणारे जयंत नारळीकर झाले, आपल्या मंठ्याच्या पलीकडे लोणारचे सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे विवर बेसाल्टच्या खडकात अवकाशातून आलेल्या आघाताने पडलेले आहे. कथाही आहेत आणि स्थळही आहे, तरी सुजय डहाके यांच्या २०१६ च्या ‘फुंतरू’सारखे प्रयत्न बोटांवर मोजण्याइतकेच, हा आपल्या चित्रसृष्टीचा आळस होय.

तेव्हा पहिल्या दिवशी ‘सोलारिस’ लाव, दुसऱ्या दिवशी ‘२००१’, आणि मंडळींची खुशी म्हणून तिसऱ्या दिवशी ‘ज्युरासिक पार्क’. ‘सोलारिस’मध्ये मोटारीचा जो लांबच लांब प्रवास येतो (तो टोकियोच्या रस्त्यांवर चित्रित केला आहे), त्या वेळी कोणी ‘पुढे ढकला’ म्हणून ओरडला, तर त्याचे मुळीच ऐकू नकोस.

तुझा,
मामा