बावन्न जागांचा विरोधी पक्ष

बर्लिनमध्ये श्प्रे नदीच्या काठावर एक राजवाडा आहे. दिसतो जुना, पण आहे अगदी नवा. त्याआधी याच जागेवर काचांचा ‘प्रजासत्ताकाचा राजवाडा’ होता आणि १९७६ पासून पूर्व जर्मनीची संसद, फोल्क्सकामर, तिथेच भरायची. पुढे तो पाडला. या दगडी नक्षीचं मला काही विशेष वाटलं नाही. पण जिथे पाचशे माणसं एकजात हात वर करायची, तिथे एक लिबरल पक्षही बसत होता, हे कळलं आणि मी वाटाड्या बाईंना प्रश्न विचारत सुटलो.

कम्युनिस्टांच्या राज्यात लिबरल पक्ष? होता, आणि तोही रीतसर. नाव लिबरल डेमोक्रॅटिक पक्ष, स्थापना ५ जुलै १९४५, म्हणजे युद्ध संपून दोन महिनेही झाले नव्हते. ‘डेअर मोर्गेन’ नावाचं स्वतःचं दैनिक, शेवटी शेवटी लाखभर सभासद, त्यांत दुकानदार आणि कारागीर पुष्कळ. शिवाय संसदेत ५२ जागा. किती मतं पडली की ५२ मिळायच्या? मतांचा संबंधच नव्हता! १९६३ पासून वाटणी ठरलेली: सत्ताधारी एसईडीला १२७, चार जोडीदार पक्षांना प्रत्येकी ५२, उरलेल्या कामगार, महिला, युवक अशा संघटनांना, आणि त्यांतही बरेचसे एसईडीचेच. पंगतीत पानं आधीच मांडलेली. पाहुण्यांनी जेवायचं आणि यजमानाची वाहवा करायची.

मतदान कसं, ते बाईंनी खिशातल्या पावतीची घडी घालून दाखवलं. यादी एकच. खूण करायची नाही, कागद दुमडायचा आणि पेटीत टाकायचा. पडद्याआड जाणाऱ्याकडे सगळे बघायचे. १९५० चा अधिकृत निकाल ९९.७ टक्के!

मी नंदुरबारचा. लोकसभा मतदारसंघांत महाराष्ट्राचा पहिला क्रमांक आमचा. एकाच पक्षाला निवडून देण्यात आम्हीही काही मागे नव्हतो. १९८१ च्या पोटनिवडणुकीपासून काँग्रेसचे माणिकराव गावित लागोपाठ नऊ वेळा खासदार झाले. पण आमच्याकडे पडणारा दर खेपेला अर्ज भरायचा, धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवर धूळ खात फिरायचा आणि पुन्हा पडायचा. शहाद्याकडे आदिवासी शेतमजुरांचे मोर्चे निघायचे, ते वेगळेच. २०१४ मध्ये भाजपच्या डॉ. हीना गावित निवडून आल्या, २०२४ मध्ये पुन्हा काँग्रेस, गोवाल पाडवी. बर्लिनच्या लिबरलांना मात्र चाळीस वर्षं पडणं ठाऊकच नव्हतं. इतका सुखरूप विरोधी पक्ष मी आजवर ऐकला नव्हता.

सुरुवातीला तो तसा नव्हता. लाइपत्सिश विद्यापीठातला विद्यार्थी पुढारी वोल्फगांग नाटोनेक लिबरल. १९४८ च्या नोव्हेंबरात त्याला उचललं आणि पंचवीस वर्षांची शिक्षा ठोठावली. तो १९५६ मध्ये सुटला. रोस्टॉकचा कायद्याचा विद्यार्थी आर्नो एश सुटला नाही. सोव्हिएत लष्करी न्यायालयाने त्याला देहदंड दिला आणि जुलै १९५१ मध्ये मॉस्कोत गोळ्या घातल्या. वय तेवीस. हाले शहरातला एक तरुण सभासद १९५२ मध्ये पश्चिमेकडे निसटला. पुढे पश्चिम जर्मनीचा परराष्ट्रमंत्री झालेला हान्स-डीट्रिश गेन्शर तो हाच. मागे राहिलेले माना डोलवायला शिकले. त्यांना नावं ठेवणं मला जड जातं, कारण एशचं काय झालं हे त्यांना माहीत होतं. तरीही १९७२ मध्ये गर्भपाताच्या कायद्यावर याच संसदेत चौदा जणांनी चक्क विरोधी मत दिलं, ते दुसऱ्या एका जोडीदार पक्षातले, ख्रिस्ती लोकशाही पक्षातले होते, लिबरल नव्हते, आणि ही उणीव लिबरलांच्या खाती थोडी लागतेच.

१९६७ पासून पक्षाचे अध्यक्ष मानफ्रेड गेरलाख. भिंत पडली आणि डिसेंबर १९८९ मध्ये हेच गृहस्थ कम्युनिस्टांच्या खुर्चीवर राष्ट्रप्रमुख म्हणून बसले, काही महिन्यांपुरते. १८ मार्च १९९० ला एकदाची मतं खरोखर मोजली. लिबरलांनी आणखी दोन पक्ष जोडीला घेतले, तरी ४०० पैकी २१ जागाच आल्या.

तेव्हा तुम्ही कुणाला मत दिलंत, असं मी बाईंना विचारलं. त्या हसल्या आणि म्हणाल्या, सांगायची सक्ती नाही.