मणक्यातला गॅप

ऑक्टोबर छाटणीच्या हंगामात माझी मान उजवीकडे वळायला लागली. द्राक्षवाल्याला मानेच्या दुखण्याचं नवल नसतं. दिवसभर मांडवाखाली वर बघायचं, रात्री तेल चोळायचं. एमआरआयमध्ये चकत्या झिजलेल्या आणि कडेने हाड वाढलेलं दिसलं. चाळिशीनंतर अशी झीज मान न दुखणाऱ्यांतही सापडते, पण मी ते विचारलंच नाही. ‘मणक्यात गॅप’ एवढं कारण मिळालं आणि माझं समाधान झालं.

मग मी मानेला पट्टा आवळला. दाढीला बसलो की न्हाव्याकडून मान कडकन मोडून घ्यायचो, तेही आग्रहाने. आज ते आठवलं की अंगावर काटा येतो.

खरं म्हणजे आजार स्वतःच खुणा दाखवत होता. हनुवटीला एक बोट टेकवलं की मान सरळ व्हायची. लासलगाव बाजार समितीच्या विंचूर उपबाजारात कांद्याच्या ट्रॅक्टरपाशी मी तसाच उभा असायचो. एकदा व्यापारी म्हणाला, “नाना, एवढा कसला विचार? भाव पटंना का?” मी हसून वेळ मारून नेली. बायको म्हणायची, “अहो, झोपेत तर तुमची मान सरळ असते.” तिलाच गप्प केलं. झिजलेला मणका बोट टेकवल्याने जागेवर येत नाही, हे कळायला काही डॉक्टर व्हावं लागत नाही. पण लाजेपोटी डॉक्टरांना यातलं अक्षरही सांगितलं नाही.

शेवटी नाशिकच्या एका न्यूरॉलॉजिस्टनी फिल्म बाजूला ठेवली आणि मानेकडे पाहिलं. त्यांनी निदान केलं सर्व्हायकल डिस्टोनियाचं. मेंदूच्या आत बेसल गँग्लिया नावाचा भाग असतो. त्याचं तंत्र बिघडलं की स्नायूंना चुकीचे हुकूम जातात आणि ते मान ओढत राहतात. नेमक्या स्नायूंत बोटॉक्सची इंजेक्शनं दिली. त्यांचा असर साधारण तीन महिने टिकतो. सुरकुत्यांसाठी गाजलेल्या या औषधाला अमेरिकेत मानेच्या या आजारासाठी २००० साली मान्यता मिळाली होती.

मान बरीच सरळ झाली आणि मी दुसऱ्या टोकाला गेलो. आता जे काही होईल ते डिस्टोनियाच्याच खात्यावर. कात्री हातातून सटकायची, बोटं बधिर व्हायची, बागेतल्या ढेकळांवर पाय अडखळायचा. शर्टाची बटणं लावायला बायकोला हाक मारायचो, डॉक्टरांना मात्र फोन केला नाही. म्हटलं, पुढच्या इंजेक्शनाला जाऊ तेव्हा बघू.

तिथे डॉक्टरांनी गुडघ्यावर हातोडी हलकेच मारली आणि पाय ताडकन उडाला. नव्या एमआरआयमध्ये मज्जारज्जू दबलेला दिसला. सतत एका बाजूला ओढली जाणारी मान चकत्या आणि सांधे लवकर झिजवते. सेरेब्रल पाल्सीच्या एका प्रकारात मान अशीच वळवळत राहते आणि त्या रुग्णांना ऐन तरुणपणी मज्जारज्जू दबण्याचा त्रास होतो, असं डॉक्टर म्हणाले. म्हणजे गॅपही खरा आणि डिस्टोनियाही खरा. मी मात्र प्रत्येक वेळी एकच कारण धरून बसलो.

मज्जारज्जूवरचा दाब काढायला मानेची शस्त्रक्रिया ठरली. त्याआधी पुन्हा बोटॉक्स दिलं. मान ओढतच राहिली तर बसवलेले स्क्रू सैल होण्याची भीती असते. शस्त्रक्रियेनंतर चाल सुधारली. डाव्या हाताची दोन बोटं मात्र अजून बधिरच आहेत. दबलेल्या मज्जारज्जूचं सगळं नुकसान भरून येतंच असं नाही. मण्यांची विरळणी आता मुलगा बघतो, आणि इंजेक्शनाच्या तारखा बायको.