मूल गेल्यानंतरचं अंगण

"डॉक्टर, हे दुःख कमी कधी होणार?" मूल गमावलेल्या आई-वडिलांनी हा प्रश्न माझ्या दवाखान्यात अनेकदा विचारला आहे. माझं उत्तर ठरलेलं असायचं, "काळ हेच औषध." आठवड्याभराची झोपेची गोळी लिहून द्यायचो आणि पुढच्या पेशंटला आत बोलवायचो.

सहा वर्षांपूर्वी ऑक्टोबरमध्ये आमचा चौदा वर्षांचा मुलगा डेंग्यूने गेला. त्यानंतर ते वाक्य मी कोणालाही ऐकवलेलं नाही.

चौथ्या दिवशी त्याचा ताप उतरला होता. डेंग्यूत खरा धोका बऱ्याचदा ताप उतरतानाच सुरू होतो. पोटात दुखणं, सारख्या उलट्या, रक्तस्राव, खूप गळून जाणं, यातलं काहीही दिसलं तर लगेच हॉस्पिटल गाठायचं, हे मी शेकडो पेशंटना सांगितलं आहे. त्या संध्याकाळी तो म्हणाला, "बाबा, पोट दुखतंय." मी म्हणालो, "दोन दिवस नीट खाल्लं नाहीस ना, म्हणून." सकाळी ॲडमिट केलं, तोवर उशीर झाला होता.

आमच्या अंगणात कढीपत्त्याखाली त्याने पाखरांसाठी मातीचा एक परळ ठेवला होता. दिवसकार्य आटोपल्यावर मी तो परळ उचलून फोडला. डेंग्यूचे डास साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतात. त्याला चावलेला डास त्याच पाण्यातला होता का, हे कोणीच सांगू शकत नाही. पण मला कोणाला तरी शिक्षा द्यायची होती.

शरीरही दुःख करतं

पुढचे काही महिने पहाटे तीनला जाग यायची. छातीवर दगड ठेवल्यासारखं वाटायचं. कधी नव्हे ते माझं बीपी १६० वर गेलं. पत्नीची शुगर बिघडली. मोठ्या दुःखात शरीरातली ताणाची संप्रेरकं वाढतात आणि झोप, भूक, बीपी, शुगर सगळ्याचंच गणित चुकतं. हा मनाचा कमकुवतपणा नव्हे. मात्र छातीत दुखलं तर 'दुःखामुळे असेल' असं स्वतःच ठरवू नका, ईसीजी काढा. मीही काढला.

जास्वंदीतलं घरटं

एप्रिलमध्ये एका पहाटे पायरीवर चहा घेऊन बसलो असताना जास्वंदीत बुलबुलाची जोडी काड्या नेताना दिसली. चार-पाच दिवसांत वाटीएवढं घरटं झालं, मग त्यात तीन गुलाबीसर, तांबूस ठिपक्यांची अंडी दिसली. मी रोज दहा मिनिटं बघत बसायचो. आणि त्या दहा मिनिटांत मुलाची आठवण आली नाही, म्हणून नंतर स्वतःचाच राग यायचा.

पत्नीला मी काही सांगितलं नव्हतं. एक दिवस तीच म्हणाली, "पिल्लं निघाली." तीही दुपारी स्वयंपाकघराच्या खिडकीतून रोज बघत होती. आम्ही दोघं एकाच घरट्याकडे एकमेकांपासून चोरून बघत होतो! कितीतरी दिवसांनी आम्ही हॉस्पिटल सोडून दुसऱ्या विषयावर बोललो.

आठवड्याभरात भारद्वाजाने पिल्लं नेली. आपल्याकडे भारद्वाज दिसणं शुभ मानतात. पत्नी म्हणाली, "शुभ म्हणे!" आणि पायरीवर बसून रडायला लागली. मीही रडलो. सहा महिन्यांत आम्ही एकत्र असे पहिल्यांदाच रडलो.

बुलबुल संध्याकाळपर्यंत ओरडत होते. महिन्याभराने शेजारच्या मोगऱ्यात पुन्हा घरटं झालं. तीच जोडी होती का, माहीत नाही. कोणी म्हणेल, बघा, पाखरंही पुन्हा उभी राहतात. हा धडा मी तुम्हाला देणार नाही. बुलबुलाचं दुसरं घरटं हे आमच्या मुलाबद्दलचं उत्तर नव्हे. मूल गमावलेल्या आईला तर असं काही कृपया सांगू नका.

मग त्या पाखरांनी दिलं काय?

विश्रांती दिली. मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शूट या अभ्यासकांनी १९९९ मध्ये मांडलं की, दुःखात माणूस झोक्यासारखा हलत असतो. कधी तो गेलेल्या माणसाजवळ असतो, कधी रोजच्या जगण्यात परत येतो. दोन्ही लागतं. घरट्याकडे बघण्याची ती दहा मिनिटं म्हणजे मुलाला विसरणं नव्हतं, हे मला उशिरा कळलं. तुम्हालाही मधेच हसू आलं, भूक लागली, एखादी खार बघत तुम्ही उभे राहिलात, तर अपराधी वाटून घेऊ नका.

अंगण नसलं तरी चालेल. खिडकीतल्या कढीपत्त्याच्या कुंडीवरही फुलपाखराची अळी मिळते. सकाळच्या उजेडात थोडा वेळ बसल्याने झोपेचं घड्याळ रुळावर यायलाही मदत होते. बीपी-शुगरच्या गोळ्या मात्र बंद करू नका. नवरा-बायकोचं दुःख एकाच चालीने चालत नाही. एक बोलतो, दुसरा गप्प राहतो. गप्प राहणाऱ्याला दुःख नाही असं समजू नका.

डॉक्टरांकडे कधी जायचं?

सहा महिने उलटूनही दुःखाची धार तितकीच असेल आणि रोजची कामं होत नसतील, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. यावर उपचार आहेत. जगणं नको वाटत असेल तर एक दिवसही थांबू नका. घरच्यांना सांगा, किंवा टेली-मानसच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर कोणत्याही वेळी फोन करा.

आता "कधी कमी होणार?" असं कोणी विचारलं, की मी आधी मुलाचं नाव विचारतो. मग तो कसा होता, ते ऐकतो. बाहेरचे पेशंट थोडे थांबतात.

कढीपत्त्याखाली आम्ही नवा परळ ठेवला आहे. त्यातलं पाणी रोज सकाळी ओततो आणि आतून काथ्याने घासतो, कारण डासांची अंडी भांड्याच्या कडेला चिकटून राहतात. तुम्हीही पाखरांसाठी पाणी ठेवत असाल, तर एवढं नक्की करा. मग ताजं पाणी भरतो. पहिला बहुतेक बुलबुलच येतो.