कोल्हापूर ते सांगली : पन्नास किलोमीटर, आठ दिवस

कोल्हापूर आणि सांगली या दोन शहरांमध्ये जेमतेम पन्नास किलोमीटरचे अंतर. सकाळी न्याहारी करून निघालेला माणूस कामे उरकून दुपारच्या भाकरीला परत येऊ शकतो. एवढ्या वाटेसाठी आम्ही आठ दिवस घेतले, हे ऐकून कचेरीतले सहकारी हसले. हसू देत.

त्याचे असे झाले. १९८८ ते ९२ अशी चार वर्षे मी कोल्हापूरच्या कृषी महाविद्यालयात शिकलो. आमचे गाव सांगोला तालुक्यात. त्या चार वर्षांत थोरला भाऊ, आमचा दादा, महिन्याकाठी एकदा कोल्हापूरला यायचा. जोंधळ्याचे पीठ, शेंगांची चटणी आणि फीचे पैसे एस.टी. स्टँडवर माझ्या हाती द्यायचा आणि मिळेल त्या गाडीने माघारी फिरायचा. धारा काढायला घरी दुसरे कोणी नव्हते. चाळीस वेळा तरी कोल्हापूरला आलेल्या या माणसाने रंकाळा पाहिलेला नाही, हे मला कळायला तीस वर्षे लागली. तेही सहज बोलता बोलता कळले. आता दादाची पासष्टी उलटली आहे, गुडघा कुरकुरतो. आणखी थांबलो असतो तर राहूनच गेले असते.

"आठ दिवस? आनि धारा कोन काढनार?" हा दादाचा पहिला प्रश्न. वाचकहो, शेतकऱ्याच्या घरी सहलीची आखणी तिकिटापासून सुरू होत नाही, ती गोठ्यापासून सुरू होते. म्हणून आम्ही प्रथम दिवस निवडले. जानेवारीचा शेवटचा आठवडा. तेव्हा जोंधळ्याचे कणीस भरलेले असते, काढणीला अवकाश असतो. काम उरते ते पाखरे राखण्याचे आणि जनावरांचे. पुतण्या म्हणाला, "काका, तुम्ही न्याच त्यांना." मग निघण्यापूर्वी चार दिवस धारा त्यानेच काढल्या. गायींना हात नवा वाटू नये आणि दादाचीही खात्री व्हावी, हे दोन्ही त्यात साधले.

वहिनींचे एकच म्हणणे होते, "भावजी, कुठंबी न्या, पण मिरज नको." त्याचे कारण पुढे येईल.

एस.टी.त वहिनींना आणि आमच्या सौ.ना बाई म्हणून अर्धे तिकीट, दादाला वयामुळे अर्धे. पूर्ण तिकीट काढणारा मी एकटाच. दादाला याचा फार आनंद झाला.

कोल्हापुरात चार रात्री एकाच ठिकाणी मुक्काम ठेवला. खोली तळमजल्यावर घेतली. वयस्कर माणसांबरोबर रोज गाठोडी बांधायची आणि रोज सोडायची, यासारखा दुसरा शीण नाही. दिवसाला एकच ठिकाण, दुपारी दोन तास आडवे व्हायचे आणि संध्याकाळ मोकळी, एवढेच नियम ठेवले.

पहिल्या संध्याकाळी रंकाळ्यावर गेलो. दादा काठावर बसला आणि बराच वेळ काही बोललाच नाही. मग म्हणाला, "एवढं पानी गावात असून लोकं भेळ खात्यात." दुष्काळी तालुक्यातल्या माणसाला पाण्याकडे नुसते बघत बसणे जमत नाही.

त्याचा जीव खरा रमला तो गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर. तिथे म्हशी रस्त्याकडेला उभ्या असतात. गिऱ्हाईक समोर उभे, धार समोर काढायची आणि फेसाळ दुधाचा पेला हातात द्यायचा. कोल्हापुरात तालमींची परंपरा मोठी, आणि पैलवानांना दूध लागते. शाहू महाराजांनी बांधवून घेतलेले खासबाग मैदान १९१२ सालचे आहे, यावरून ही आवड किती जुनी ते कळेल. दादाने म्हशींची कास पाहिली, वैरण काय घालता हे विचारले आणि नंतर रोज संध्याकाळी तिकडेच चक्कर ठेवली. (उघड्यावरचे कच्चे दूध तापवूनच प्यावे, असा सल्ला मी खात्याचा माणूस म्हणून दिला. तो कोणी मानला नाही.)

अंबाबाईचे दर्शन सकाळी लवकर घ्यावे. नवा राजवाडा १८८४ साली पुरा झाला, तो निवांत पाहायला अर्धा दिवस पुरतो. पन्हाळ्याला एक दिवस ठेवला. सिद्दी जौहरच्या १६६० च्या वेढ्यात शिवाजी महाराज अडकले होते, तो हा गड. २०२५ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत मराठ्यांचे जे बारा किल्ले गेले, त्यांत पन्हाळाही आहे. वेढा महिनोन्‌महिने झेलता येतो तो कोठारात दाणा असतो म्हणून. अंबरखान्याच्या गंगा, यमुना आणि सरस्वती या कोठारांपाशी उभे राहिले म्हणजे हे पटते. इमारतीची जाड भिंत आणि वरून धान्य ओतायच्या जागा बघून दादा म्हणाला, "किडा कसा लागंल हितं?" शंभर व्याख्यानांत मी धान्य साठवणीचे जे सांगतो, ते त्याने एका वाक्यात ओळखले.

चौथ्या दिवशी गुऱ्हाळ. कोल्हापूरच्या गुळाला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, पण ऊस कारखान्यांकडे वळल्यामुळे गुऱ्हाळे मात्र कमी होत चालली आहेत. काहिलीत रस उकळतो, रानभेंडीच्या चिकट पाण्याने मळी वर येते, ती झाऱ्याने काढत राहायची. गुळव्या उकळत्या पाकाचा थेंब पाण्यात सोडतो आणि गोळी बोटाने दाबून पाहतो. काहील केव्हा उतरवायची ते त्या बोटालाच ठाऊक. फार पिवळाधमक गूळ दिसला तर घेताना चौकशी करावी. रंग खुलवण्यासाठी काही जण रसायने वापरतात. तांबूस गूळ डोळ्यांना कमी, पण पोटाला चांगला.

त्या दिवशी ३१ जानेवारी होती. या सुमारास, आणि तसेच नोव्हेंबरात ९ ते ११ या तारखांना, मावळत्या सूर्याचे किरण महाद्वारातून थेट अंबाबाईच्या गाभाऱ्यात येतात. पहिल्या दिवशी चरणांवर, मग वर वर. ढग किंवा धूळ आडवी आली तर पोहोचत नाहीत. गर्दीमुळे आम्ही ते बाहेरच्या पडद्यावर पाहिले. किरण पावलांपर्यंत आला आणि विझला. वहिनींनी हात जोडले ते बराच वेळ सोडलेच नाहीत.

पुढचा मुक्काम नरसोबाची वाडी. कृष्णा आणि पंचगंगा इथे मिळतात. पावसाळ्यात देवळात पाणी शिरते, म्हणून जुलै-ऑगस्टात ही सहल काढू नये, आणि पौर्णिमेची गर्दीही टाळावी. कवठाची बर्फी इथेच खावी. दुसऱ्या दिवशी खिद्रापूरला कोपेश्वराचे देऊळ पाहिले. बाराव्या शतकातले शिलाहारांच्या काळचे काम, आणि पुढे नंदी नाही. स्वर्गमंडपाला मधोमध छप्परच नाही, वर गोल आभाळ दिसते. आम्ही तिथे दुपारभर बसून राहिलो. मुक्काम लांब ठेवल्याचा हाच फायदा.

सांगलीत गणपतीचे दर्शन घेऊन कृष्णेच्या काठी गेलो. आयर्विन पूल १९२९ सालचा. महापुरात सारा जिल्हा या पुलाजवळच्या पाणीपातळीचा आकडा विचारत असतो. दादाने मात्र निराळाच हिशोब केला. हीच कृष्णा वर कराडजवळ टेंभूला उचलतात आणि ते पाणी आमच्या तालुक्यापर्यंत येते. "म्हंजे हे आपल्याकडं यायचं राहिलेलं पानी," असे म्हणून त्याने नदीला नमस्कार केला.

हळदीच्या बाजारात राजापुरी हळदीचे ढीग पाहिले. २०१८ साली सांगलीच्या हळदीलाही मानांकन मिळाले आहे. पण खरी गोष्ट तीन-चार किलोमीटरवर हरिपूरला आहे. संगीत नाटककार देवलांचे हे हरिपूर, कृष्णा-वारणेचा संगम. इथल्या मातीत पाणी झिरपत नाही, म्हणून जमिनीत खोल पेवे काढून त्यांत हळद वर्षानुवर्षे ठेवत. तोंड अरुंद, आत पोट मोठे. २००५ च्या महापुराने त्यांतली बहुतेक मोडली आणि माल शीतगृहात गेला. एका जागी नुसता खळगा दाखवला. दादा त्याच्या कडेला बसून सांगू लागला, की आपल्या वाड्यापुढेही जोंधळ्याचे पेव होते, उघडल्यावर आजोबा आधी कंदील सोडायचे, तो विझला तर कोणी उतरायचे नाही. आत कोंदट हवा असते आणि माणूस गुदमरतो, हे आम्ही पुस्तकात शिकलो. आजोबा कंदिलाने शिकले होते. मला हे पेव आठवतच नाही. मी शाळेत असेन.

शेवटच्या दिवशी परतीची गाडी मिरजेहूनच होती. १९९८ साली आम्ही आईला मिरजेला दवाखान्यात आणले होते. वहिनी सतरा दिवस तिच्या उशाशी होत्या. आई परत आली नाही. आमच्याकडच्या कितीतरी घरांना मिरज एवढीच माहीत असते. गाडीला तीन तास होते, म्हणून मी विचारले. वहिनी म्हणाल्या, "चला, एवढं आलोय तर."

सतार-तंबोऱ्यांच्या गल्लीत गेलो. दीडशेहून अधिक वर्षे हे काम तिथे चालते, २०२४ साली त्यालाही मानांकन मिळाले. दुकानाच्या पुढ्यात वाळलेले भोपळे टांगलेले. कारागीर म्हणाले, "हे पंढरपुराकडच्या शेतातून येतात." म्हणजे आमच्याच बाजूचे! दादाने एक भोपळा हातात घेऊन टकटक वाजवला, साल किती जाड लागते, वेलावर किती दिवस ठेवायचा, हे विचारत राहिला. वहिनी तिथल्या पायरीवर बसल्या. कारागिरांनी तंबोरा जुळवून एकदा छेडला. वहिनी म्हणाल्या, "म्हातारीसाठी मी ह्याच रस्त्यानं चहा न्यायची. हे कधी ऐकूच आलं न्हाय."

गाडीत दादाने कागदाची पुडी उघडून दाखवली. त्यात भोपळ्याच्या बारा बिया होत्या. कधी लावायच्या, ते मला विचारत होता.