साताऱ्याहून सांगलीला, आडरस्त्याने

साताऱ्याहून सांगलीला मोटारीने जायचे दोन मार्ग आहेत. पहिला पुणे–बंगळूर महामार्गाचा. नागठाणे, उंब्रज, कराड करीत पेठ नाका गाठायचा, तिथे डावीकडे वळायचे आणि आष्ट्यावरून सांगलीत शिरायचे. अंतर सव्वाशे किलोमीटरच्या आसपास, वेळ अडीच तास. दुसरा मार्ग पूर्वेकडून जातो. कोरेगाव, रहिमतपूर, औंध, पुसेसावळी, कडेगाव, देवराष्ट्रे, कुंडल, किर्लोस्करवाडी आणि भिलवडी अशी त्याची गावे. अंतर थोडेच वाढते, दिवस मात्र पुरा जातो. कोर्टाची तारीख किंवा दवाखान्याची वेळ गाठायची असेल तर पहिलाच रस्ता धरावा. रस्त्यासाठीच घराबाहेर पडायचे असेल, तर दुसऱ्याला तोड नाही.

महामार्गावर उरमोडी, तारळी, कोयना या नद्या पाटीवरची नावे होऊन मागे पडतात, कारण पूल आला कधी आणि संपला कधी हेच कळत नाही. गाडी कुठे थांबायची हे ढाब्यांनी आणि पेट्रोल पंपांनी आधीच ठरवून ठेवलेले असते. आडरस्त्यावर मात्र वेग रस्ताच ठरवतो. वळण, चढ, आठवड्याचा बाजार, मेंढरांचा कळप, उसाची ट्रॉली, जे पुढे येईल त्याप्रमाणे गाडी चालवावी लागते. वाटेत कुणाला तरी रस्ता विचारावाच लागतो, आणि उत्तरात रस्त्याबरोबर बाकीच्याही चार गोष्टी कळतात. या दोन जिल्ह्यांत त्यात आणखी एका गोष्टीची भर पडते. इथे दर वीस-पंचवीस किलोमीटरला पाण्याचे गणित बदलते आणि ते काचेतून वाचता येते.

साताऱ्याच्या पश्चिमेला कास आणि महाबळेश्वर. महाबळेश्वरात वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरपेक्षा अधिक पाऊस पडतो. सातारा शहरापर्यंत येता येता तो हजाराच्या घरात उतरतो आणि खटाव-माणात जेमतेम पाचशे उरतो. हे सारे सरळ रेषेत शंभर किलोमीटरच्या आत घडते. सह्याद्री ढगांना वर चढायला लावतो, ते घाटमाथ्यावर रिकामे होतात आणि पूर्वेकडे कोरडा वारा तेवढा पोहोचतो. शाळेच्या भूगोलात पर्जन्यछाया म्हणून पाठ केलेली ही गोष्ट औंधच्या वाटेवर प्रत्यक्ष उलगडत जाते.

आम्ही हा रस्ता फेब्रुवारीत धरला. सातारा सोडताच माहुली लागते. कृष्णेला इथे वेण्णा मिळते. नदीच्या एका काठावर क्षेत्र माहुली, दुसऱ्यावर संगम माहुली. घाट काळ्या दगडाचे, देवळे मराठा अमदानीतली, आणि वाळवंटात राजघराण्यातल्या समाध्या. न्यायनिष्ठेसाठी ज्यांचे नाव आजही घेतले जाते ते रामशास्त्री प्रभुणे याच गावचे. कोरेगावच्या दिशेने भरधाव जाणाऱ्या गाड्यांपैकी फार थोड्या इथे थांबतात, आणि हे खरोखर वाईट वाटण्यासारखे आहे. दहा मिनिटे घाटावर उभे राहिले तरी ज्या नदीच्या खोऱ्यातून पुढचा दिवस जाणार, तिची ओळख होते.

कोरेगाव-रहिमतपूर पट्टा अजून बागायतीचा. ऊस, आले, घेवडा, विहिरींवरच्या मोटारी. पुणे–मिरज लोहमार्ग बराच वेळ सोबत करतो. रहिमतपूर सोडून औंधकडे वळले की माती फिकट होते, शेते मोकळी होतात, ज्वारीची ताटे बुटकी दिसू लागतात आणि माळावर बाभळी-बोरी तेवढ्या उरतात. घाट नाही, पाटी नाही, तरी आपण दुसऱ्या मुलखात आलो हे गाडीतल्या प्रत्येकाला कळते.

औंधला निदान दोन तास द्यावेत. पंतप्रतिनिधींचे हे संस्थान ७२ गावांचे, तेही सलग नव्हे. काही मुलूख इथे, काही आटपाडीकडे, काही कुंडलकडे असा तुकड्या-तुकड्यांनी पसरलेला. भवानराव पंतप्रतिनिधी हे राजे स्वतः चित्रकार. सूर्यनमस्काराचा प्रसार त्यांनी आयुष्यभर केला. डोंगरावर यमाईचे मूळपीठ आहे आणि त्याच डोंगराच्या उतारावर त्यांनी १९३८ मध्ये श्री भवानी चित्रसंग्रहालय बांधले. राजा रविवर्म्याची मूळ चित्रे पाहायला मोठ्या शहरांत रांगा लागतात. ती इथे शांतपणे, हवा तितका वेळ पाहता येतात. उजेड यावा म्हणून इमारतीची रचनाच तशी केलेली आहे, त्यामुळे दुपारी रंग अधिक खुलतात. याच राजाने १९३८-३९ मध्ये आपली सत्ता प्रजेच्या हाती सोपवायचे ठरवले. महात्मा गांधींचा सल्ला आणि मॉरिस फ्रिडमन या पोलिश अभियंत्याचे साहाय्य घेऊन जानेवारी १९३९ मध्ये औंधची राज्यघटना जाहीर झाली. तिचा पाया ग्रामपंचायत होता. देश स्वतंत्र व्हायला अजून आठ वर्षे होती. नकाशावर बोटाच्या पेराएवढ्या जागेत हे घडले, याचे महत्त्व संग्रहालयाच्या पायऱ्या उतरताना जितके जाणवते तितके पुस्तकात जाणवत नाही.

पुसेसावळी मागे पडली की सांगली जिल्हा सुरू होतो. या टापूची नदी म्हणजे येरळा. ती खटाव तालुक्यात उगम पावते, दक्षिणेकडे वाहते आणि पलूस तालुक्यात ब्रह्मनाळजवळ कृष्णेला मिळते. ‘वाहते’ म्हणायचे ते पावसाळ्यापुरते. एरवी वाळू, लव्हाळे आणि मधूनमधून डबकी. कडेगावला गुहागर–विजापूर रस्ता ओलांडावा लागतो. मोहरमचे उंचच उंच ताबूत हे या गावाचे भूषण. हिंदू आणि मुसलमान मिळून ते उभारतात आणि ताबुतांच्या भेटीच्या दिवशी सारा परिसर लोटतो.

कडेगावच्या पुढे प्रवासी चक्रावतो. पाऊस कमी, नदी कोरडी, आणि तरीही दोन्ही बाजूंना ऊस. याचे उत्तर कराडजवळच्या टेंभूला आणि खाली ताकारीला आहे. कृष्णेचे पाणी पंपांनी टप्प्याटप्प्याने उचलून कालव्यांतून दुष्काळी तालुक्यांत सोडणाऱ्या उपसा सिंचन योजना तिथून सुरू होतात. टेंभू हे गोपाळ गणेश आगरकरांचे जन्मगाव. आज ते नाव खानापूर-आटपाडीच्या शेतकऱ्याच्या तोंडी पाण्याचे नाव म्हणून आहे. आवर्तन कधी सुटणार, हा इथल्या पारावरचा पहिला प्रश्न. रस्त्याकडेला डोंगराच्या कुशीतून चढत गेलेली जाड नळी दिसली की गाडी थांबवून ती जरूर पाहावी. माळावरच्या हिरवेपणाचे सगळे कारण त्या नळीत आहे. इतके महाग पाणी उसालाच द्यावे का, हा वाद जुना आहे. ठिबक न करता पाटाने भिजवलेले फड पाहिले की वाद योग्य आहे असेच वाटते.

ऊस म्हटला की ट्रॉली आली. ऑक्टोबरच्या शेवटापासून मार्चपर्यंत वांगी-कुंडल पट्ट्यात रस्त्याचा खरा मालक ट्रॅक्टर असतो. मागे दोन ट्रॉल्या, त्यांवर दोन्ही बाजूंनी बाहेर आलेल्या मोळ्या, ड्रायव्हरच्या डोक्यावर मोठ्या आवाजात गाणी. चढाला ट्रॅक्टरची पुढची चाके हलकी होऊ लागतात, म्हणून तो नागमोडी न जाता सरळ, एका लयीत चढतो. अशा वेळी मागून हॉर्न वाजवणे निरर्थक. पुढचा रस्ता मोकळा दिसला की ड्रायव्हर आपणहून हात बाहेर काढून पुढे जायची खूण करतो. बैलगाड्याही आहेत. टायरच्या चाकांच्या, ऊसतोड मजुरांच्या. फडाच्या कडेला त्यांच्या पाचटाच्या कोप्या आणि बैलांपुढे टाकलेले हिरवे वाढे. बीडकडून आलेली ही कुटुंबे गाळप संपून कारखान्याचा पट्टा पडला की परत जातात. या पाच महिन्यांत त्यांच्या पोरांच्या शाळेचे काय होते, हा प्रश्न कोप्यांजवळून जाताना टाळता येत नाही.

देवराष्ट्रे हे यशवंतराव चव्हाणांचे आजोळ. १२ मार्च १९१३ रोजी त्यांचा जन्म इथे झाला. गावाला लागूनच सागरेश्वर. १९८५ मध्ये अभयारण्य झालेले हे रान माणसांनी उजाड डोंगरावर झाडे लावून आणि हरणे आणून सोडून उभे केले आहे. क्षेत्र लहान, अकरा चौरस किलोमीटरच्याही आत. माथ्यावरच्या टेकडीवरून एकीकडे कृष्णाकाठचा गर्द पट्टा आणि दुसरीकडे करडा माळ, अशी दिवसभर वाचत आणलेली सगळी कहाणी एका नजरेत येते.

खाली कुंडल. औंध बरेच मागे राहिले, तरी जुन्या हिशेबाने प्रवासी पुन्हा औंध संस्थानातच असतो. ही गोष्ट दोन मोठ्या घटनांच्या मुळाशी आहे. १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांना कारखान्यासाठी जागा हवी होती, ती औंधच्या राजाने कुंडल रोड स्टेशनजवळच्या निवडुंगाने भरलेल्या माळावर दिली. तिथे किर्लोस्करवाडी वसली आणि लोखंडी नांगर बाहेर पडू लागले. तीस-बत्तीस वर्षांनी क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारने याच मुलखात जोर धरला. इंग्रजी हद्दीत पाठलाग सुरू झाला की कार्यकर्ते औंधच्या हद्दीत शिरत आणि राजा त्याकडे काणाडोळा करी. जून १९४३ मध्ये शेणोलीजवळ प्रतिसरकारच्या तुफान सेनेने सरकारी पगार नेणारी गाडी लुटली. ते स्टेशन इथून जवळच आहे. सकाळी औंध आणि दुपारी कुंडल असे एका रस्त्याने जोडले गेले नाही, तर हा धागा सुटाच राहतो.

पलूसच्या बाजूला द्राक्षबागा सुरू होतात, आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये बेदाण्याच्या शेड गजबजतात. बाजू हिरव्या जाळीने झाकलेल्या, आत तारेच्या जाळ्यांचे एकावर एक थर. पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवून काढलेले घड जाळीवर पसरायचे. सालीवरचा मेणाचा थर त्यामुळे विरळ होतो आणि आतले पाणी लवकर सुटते. पंधरवड्यात पोपटी मणी सुरकुततो. मग जाळ्या हलवून बेदाणा खाली पाडायचा, काड्या मोडायच्या, निवडायचा आणि सौद्याला तासगावला किंवा सांगलीला पाठवायचा. या पंधरवड्यात आभाळ भरून आले की शेडमधल्या कुणाच्या घशाखाली घास उतरत नाही, कारण ओल धरली की बेदाणा काळा पडतो. दुष्काळी माळाला आयुष्यभर पावसाची वाट पाहायला लावणारा हाच मुलूख, आणि इथे ढग दिसला की देव पाण्यात घालतात.

भिलवडीला अखेर कृष्णा भेटते. माहुलीनंतर ती नजरेआड राहिलेली असते, मध्यंतरी कराडला तिला कोयना मिळालेली असते, त्यामुळे पात्र आता रुंद आणि संथ. पलीकडे औदुंबरचे दत्तस्थान, अलीकडे भिलवडी. चितळ्यांचा दुधाचा व्यवसाय १९३९ मध्ये इथूनच सुरू झाला. जवळच ब्रह्मनाळ. एरवी कोरडी असणारी येरळा तिथे कृष्णेला मिळते, आणि ऑगस्ट २०१९ च्या महापुरात तिथेच बचावाची नाव उलटून माणसे गेली. टँकरचा मुलूख आणि पुराचा मुलूख यांच्यात मोटारीने दोन तासांचे अंतर आहे, ही या रस्त्याने शिकवलेली सगळ्यात कठोर गोष्ट.

सांगलीत १९२९ चा आयर्विन पूल पाण्याची मोजपट्टी म्हणून ओळखला जातो. इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५. २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेले. शहराला लागून हरिपूर, जिथे वारणा कृष्णेला येऊन मिळते. सांगलीच्या हळदीची पेवे याच गावची. विशिष्ट मातीत खणलेले, तोंडाशी अरुंद आणि पोटात ऐसपैस असे हे खोल खड्डे. आत पाला-कडबा लावायचा, हळद भरायची, तोंड मातीने बंद करायचे. हवा न मिळाल्याने कीड लागत नाही आणि माल वर्षानुवर्षे टिकतो. २००५ च्या पुराने यातली कित्येक पेवे बुडाली आणि व्यापार बव्हंशी गोदामांकडे वळला. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तोवर पेवांचा मोठा काळ सरला होता.

हा प्रवास जानेवारी ते मार्चमध्ये करावा. ऊस, हळद, बेदाणा तिन्ही तेव्हा रस्त्यावर दिसतात. भर पावसाळ्यात कृष्णाकाठचे रस्ते पाण्याखाली जातात, तेव्हा भिलवडीची बाजू टाळावी. परतीला रात्र होणार असेल तर महामार्गच धरावा, कारण अंधारात उसाच्या ट्रॉलीच्या मागे लाल दिवा असेलच याची खात्री देता येत नाही.